जावककाकांचे आठशे ग्रॅम

ज्या कार्यालयात आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या वस्तूंचा मेळ बसत नाही, ते कार्यालय फार काळ टिकत नाही. हे सत्य ज्या खात्याला सर्वांत आधी उमगलं, त्याची कचेरी एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होती. तिथे टाचणीलाही आवक क्रमांक मिळे. (ती बोचून आलेल्या रक्ताला मिळत नसे; ही उणीव दूर करण्याचं काम चालू होतं.)

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक क्रमांक घालायचं काम एका हेडक्लार्ककडे होतं. त्यांना सगळे जावककाका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेखालून एक रिकामं पाकीटही विनानोंद बाहेर गेलं नव्हतं. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते, आणि पेन्शन सुरू व्हायला 'यांच्याकडे कार्यालयाचं काहीही येणं नाही' असा दाखला लागतो. तो आपल्याला मिळणार नाही असं काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग नवी लिफ्ट आली. तिच्यात आठ माणसं मावत, आणि वजन जास्त झालं की घंटा वाजे. सकाळी आठ जण बिनबोभाट वर येत. संध्याकाळी तेच आठ जण खाली निघाले की घंटा खणखणायची. काका दिवसाची जावक बंद करून सर्वांत शेवटी येत, त्यामुळे घंटा नेमकी त्यांनी पाय आत टाकल्यावर वाजे.

"काका, तुम्ही उतरा," लिफ्टमन म्हणे. उरलेले सात जण छताच्या छोट्या पंख्याकडे मोठ्या आस्थेने बघत. काका कुरकुरणारे गुडघे घेऊन जिना धरत.

इथवर हा गुडघ्यांचा प्रश्न होता. त्याचा खात्याचा प्रश्न केला तो साहेबांनी. (साहेबांची लिफ्ट वेगळी आहे, म्हणून त्यांना या लिफ्टबद्दल निःपक्षपाती विचार करता येतो.) त्यांचा मुद्दा बिनतोड होता. माणसं तीच, डबे तेच, तरीही बाहेर पडताना वजन जास्त. म्हणजे कार्यालयातून रोज काहीतरी बाहेर जातंय.

त्या सातांपैकीच तीन सदस्यांची समिती बसली. भांडारातून पोती तोलायचा काटा आणला गेला. प्रत्येकाने आपलं वजन आपल्या सोयीच्या वेळी करून घ्यावं असं ठरलं. सातही जणांना सकाळची वेळ सोयीची पडली. समितीचे सदस्य तर उपाशीपोटी आले, बूट काढून चढले आणि आकडा टिपला जाईपर्यंत श्वास सोडून उभे राहिले. काकांना मात्र हे अर्धवट वाटलं. नुसती आवक टिपून हिशेब कसा पुरा होणार? त्यांनी आपलं वजन सकाळीही करून घेतलं आणि संध्याकाळीही.

त्यामुळे फरक फक्त त्यांच्याच वजनात सापडला. संध्याकाळी आठशे ग्रॅम जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा तेवढेच हलके! माल रातोरात घरी उतरवला जातो, याबद्दल समितीच्या मनात शंका उरली नाही.

काकूंना बोलावण्यात आलं.

"घरी काय काय आणतात हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कप्पाळ आणतात," काकू म्हणाल्या. "लेकीच्या परीक्षेला एक पेन्सिल आणा म्हटलं, तर मला दुकानात पिटाळलं यांनी."

"आणि रात्री काय करतात?"

"घोरतात! भिंतीपलीकडच्या वहिनींना विचारा हवं तर."

समिती सावरून बसली. डॉक्टरांना पाचारण झालं. ते म्हणाले, "झोपेत माणूस श्वास सोडत राहतो. त्यातून वाफ जाते, हवा जाते, थोडा घाम जातो. पहाटे उठून तो आणखी एका ठिकाणी जातो. वजन घटायचंच. सगळ्यांचं घटतं." हे सर्व अहवालात शब्दशः घेण्यात आलं. (शेवटचं वाक्य जागेअभावी राहून गेलं.)

निष्कर्ष सरळ होता. कार्यालयाचा चहा आणि कार्यालयाचं पाणी काका दिवसभर पोटात साठवत आणि रात्री घरच्या अंथरुणावर नाकावाटे विनानोंद सोडून देत. एकतीस वर्षं, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, दिवसाचे आठशे ग्रॅम. एकूण अपहार सहा हजार नऊशे चव्वेचाळीस किलो. एवढ्या वजनाची कपाटंही त्या कचेरीत नव्हती.

आलेला माल जागच्या जागी सोडायचा असेल, तर झोप कार्यालयातच घेतली पाहिजे, हे ओघाने आलंच. चौकशीत असंही आढळलं, की दुपारी दोन ते चार या वेळात कित्येक कर्मचारी हे कर्तव्य वर्षानुवर्षं बजावत आहेत. रेकॉर्ड विभागातल्या दोघांना सचोटीचं प्रशस्तिपत्र देण्यात आलं. जावककाका मात्र एकतीस वर्षांत कामाच्या वेळेत एकदाही झोपले नव्हते, आणि का झोपले नाहीत याचा समाधानकारक खुलासा त्यांना करता आला नाही.

"साहेब, एवढंच करा," काका म्हणाले. "बाकीच्यांचंही एकदा संध्याकाळी वजन करा."

"काका, काहीतरीच काय?" साहेब दुखावले. "चांगल्या माणसांवर उगाच संशय घ्यायचा? घंटा त्यांच्या पायाने वाजली का?"

सातांपैकी कोणीच बोललं नाही. काकांना अपमानाची सवय होती, नोकरीच केली होती त्यांनी. पण त्या दिवशी मात्र ते जिन्यात कठड्याला धरून रडले. घरी काकू म्हणाल्या, "अहो, भांडा ना त्यांच्याशी!" काका म्हणाले, "ज्याच्यावरून भांडायचं ते वजन मीच करून दिलं गं." ती रात्र त्यांनी टक्क जागून काढली. सकाळी वजन तरीही कमीच भरलं. समितीने याची नोंद 'सराईतपणा' या सदरात केली.

निवृत्तीच्या दिवशी काकांना दाखला मिळाला नाही, पेन्शन अडकली ती अडकलीच. पाठीमागे सातही जण हळहळले. माणूस तसा चांगला होता, पण वजनाचं काय करणार, असं त्यांचं एकमत झालं.

वाचकहो, तुम्हाला त्या सातांचा संताप आला असेल. यायलाच हवा. तुम्ही त्यांच्या जागी असतात तर नक्की बोलला असतात. फक्त एक विचारतो. तुमच्याही घरी पलंगाखाली काटा आहे. त्यावर तुम्ही चढता ते सकाळी, पोट साफ झाल्यावर, कपडे जमतील तेवढे उतरवून. आणि शेजारचे गृहस्थ हल्ली फार सुटलेत, असं बायकोला सांगता ते त्यांना कधी बघून? संध्याकाळी, ते दमून जिना चढत असतात तेव्हाच ना?