ढोलीतले संशोधन

एका जंगलात, बाळांनो, एकदा शास्त्रज्ञांचा तुटवडा पडला. वाघ होते, विंचू होते, भाषण करणारे पोपट तर नको तितके होते. शास्त्रज्ञ मात्र एकही नव्हता. शेजारच्या जंगलात सात आहेत असे कळले आणि सिंहमहाराजांना जेवण गोड लागेना. त्यांनी हुकूम काढला. ज्याच्या डोक्यात प्रश्न असेल त्याने हजर व्हावे, त्याला मार्गदर्शक दिला जाईल.

बहुतेकांच्या डोक्यात प्रश्न नव्हता. झुबकी नावाच्या खारीच्या डोक्यात एक होता.

ओढ्याकाठी एक उंबर होता. खारींची सगळी वस्ती त्याच्यावर जगायची. दोन वर्षांपासून त्याची फळे कच्चीच गळत होती. झुबकीने फळे फोडून पाहिली. पूर्वी प्रत्येक उंबरात बारीक किडे असत. आता ते क्वचित दिसत, आणि किड्यांवाचून उंबर पिकत नाही. माकडांनी ओढ्याकाठी पालापाचोळा जाळायला सुरुवात केली, तेव्हापासूनच हे होत होते. धुरामुळे किडे झाडापर्यंत पोचत नसतील काय? एक हंगाम फळे मोजली असती तर कळले असते. आणि तसे सिद्ध झाले, तर महाराजांच्या एका हुकमाने माकडे थांबली असती.

तिला मार्गदर्शक मिळाले धनेशसर. एवढी मोठी चोच जंगलात दुसऱ्या कोणाला नव्हती. चोचीवर आणखी एक शिंगासारखा उंचवटा होता. तो आतून पोकळ असतो, पण समोरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

"सर, हंगाम सुरू झालाय," झुबकी म्हणाली. "आजपासून मोजायला लागले तर..."

"उंबर," सर म्हणाले. "फार मोठा विषय आहे, बाळ. आधी बैठक हवी. बैठक आहे का तुला?"

"मी झाडावर पळते, सर."

"तेच म्हणतो मी."

आता धनेश पक्ष्यांची एक जुनी रीत आहे. मादी झाडाच्या ढोलीत बसते. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेतात, चोच जाईल एवढी फट ठेवतात आणि नर त्या फटीतून तिला फळे भरवतो. अंडी उबवायला ही रीत फार चांगली. सरांनी ती संशोधनाला लावली. त्यांच्या सरांनी त्यांना असेच लिंपले होते, आणि त्यांचे काही वाईट झाले नव्हते, असे त्यांचे मत होते.

झुबकी ढोलीत गेली. सरांनी स्वतः चिखल लावला. हात आखडता घेतला नाही.

फटीतून एक फांदी दिसायची. उंबराची नव्हे, कुठल्याशा ऐनाची. सहा महिन्यांनी विषय मंजूर होऊन आला: 'फटीतून दिसणाऱ्या फांदीवरील पानांची हालचाल: एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ पान क्रमांक चार)'.

"आणि उंबर, सर?"

"प्रस्तावनेत घाल दोन ओळी."

सर रोज फळे आणत. आधी स्वतः चघळत, मग फटीतून देत. झुबकीला कठीण काही चावावे लागू नये, ही त्यामागची कळकळ. वर्षाच्या शेवटी ते प्रगती अहवालावर सही करत. अहवाल वाचायचा नसतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

एकदा झुबकीची आई आली. तिने फटीला डोळा लावला.

"झुबके, अर्ध्या वस्तीने डोंगरापलीकडे बिऱ्हाड हलवलंय. झाडाला काही उरलं नाही. तू तुझं ते मोजणार होतीस ना?"

"आई, मी आत आहे."

"ते दिसतंय मला. चिखलच आहे ना हा? आणि तुला दात आहेत. अक्रोड फोडायचीस तू."

"भिंत फोडली तर नोंदणी रद्द होते, आई. पुन्हा पहिल्या वर्षापासून."

आईने फटीवरून डोळा काढला. मग म्हणाली, "तुझ्या बापाला सापळ्यात धरलं होतं. त्याने रात्रीत तारा कुरतडल्या. त्याची नोंदणी नव्हती, म्हणून वाचला." आणि ती निघून गेली.

खारीचे दात जन्मभर वाढतात, बाळांनो. काही कुरतडले की झिजतात. झुबकीच्या वाट्याला चघळलेली फळे होती. तिचे दात वाढत गेले, वळत गेले, शेवटी तोंड नीट मिटेना. सर सगळ्यांना सांगत, "आता ती पहिल्यासारखी उथळ बडबड करत नाही."

तिसऱ्या वर्षी सर फक्त करवंदे आणू लागले.

"सर, उंबरं?" झुबकीने कसेबसे विचारले.

"अगं, तो उंबर वाळला. माकडांनी तोडून जाळलासुद्धा." सरांच्या आवाजात समाधान होते. "एका परीने बरं झालं. तुझ्या प्रस्तावनेतल्या त्या दोन ओळी समितीला खटकत होत्या."

झुबकीने दोन ओळी काढल्या. प्रबंध बिनतक्रार मंजूर झाला.

पुढे समारंभ झाला. त्रिसदस्य समितीने भिंत फोडली. झुबकी बाहेर आली आणि उन्हाने डोळे मिटून उभी राहिली. टाळ्या पडल्या. तिची वस्ती तेव्हा डोंगरापलीकडे होती, त्यामुळे घरचे कोणी आले नव्हते. महाराजांनी जाहीर केले की आपल्याकडे आता एक शास्त्रज्ञ आहे, उरलेले सहाही होतील. झुबकीला मार्गदर्शकपद मिळाले, आणि एक स्वतंत्र ढोली.

आठवडाभरात एक मुनिया तिच्याकडे आली. एवढीशी, पण एका जागी ठरेना.

"मॅडम, ओढा दर वर्षी आधीच्यापेक्षा लवकर का आटतो? मी काठावर खुणा करून ठेवल्यात. तुम्ही येता बघायला? आत्ताच गेलं पाहिजे, पाणी उतरतंय."

झुबकीच्या शेपटीचे केस उभे राहिले. असे पूर्वी होत असे. ती दोन पावले ओढ्याच्या दिशेने गेलीसुद्धा.

मग थांबली.

"ओढा," ती म्हणाली. "फार मोठा विषय आहे, बाळ. आधी आत बस."

मुनिया आत बसली. झुबकी चिखल आणायला ओढ्यावर गेली. ओढा आटला होता. चिखल पुरेना. परत येऊन तिने कार्यालयात रीतसर अर्ज दिला: संशोधनासाठी चिखलाची टंचाई आहे, बाहेरून मागवावा.

अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

तात्पर्य: होतकरू विद्यार्थ्याला लहान वयातच चांगला मार्गदर्शक मिळाला, तर त्याची जिज्ञासा आयुष्यभर आत सुरक्षित राहते. बाहेर म्हणून येत नाही.