किमान पन्नासची घट

छोट्या विमानाचं इंजिन उत्तम चालतं, एवढ्या एका कारणावरून कुणाला उडू देणं आमच्या नियमात बसत नाही. हे मी मुठाकाठ वैमानिक मंडळाचा मानद चिटणीस या नात्याने सांगतोय. राहायला नारायण पेठेत, तेव्हा तीच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही.

नियम असा. या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था असतात; एक रुसली तर दुसरीने तारून न्यावं म्हणून. उडण्यापूर्वी दोन्ही आळीपाळीने बंद करून बघायच्या. एक बंद केली की इंजिनाचे फेरे जरा कमी होतात. ही घट मिनिटाला किमान पन्नास फेऱ्यांची हवी. घट दिसली नाही तर समजायचं, बटण फिरलं पण व्यवस्था बंद झालीच नाही, म्हणजे बिघाड. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या चुंबकी यंत्राच्या, म्हणजे मॅग्नेटोच्या, काळात हे अगदी रास्त होतं, आणि एकदा रास्त ठरलेलं आम्ही पुन्हा तपासत नाही.

दोन हजार पाचच्या सुमारास हिंजवडीच्या पृथ्वीराजांनी मंडळाला ठिणगीची नवी व्यवस्था, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, भेट दिलं. त्यांच्या ज्वारीच्या रानावर नुकतीच काचेच्या इमारतीची कॉम्प्युटर कंपनी उभी राहिली होती. “बापूराव, समदं जग कॉम्प्युटरवर गेलं, आपलं इमान तेवढं मागं हाय,” असं ते मला म्हणाले. नव्या वस्तूची ठिणगी इतकी जोरकस, की एक व्यवस्था बंद केली तरी फेऱ्यांचा काटा जेमतेम थरथरायचा. इंजिन इतकं गोड चालू लागलं की मला पहिल्या दिवसापासून शंका आली.

आणि नेमकी तेव्हाच चैतालीची परवान्याची चाचणी आली. चैताली खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, आणि पोरगी विमान चालवणार म्हणून क्वार्टर्समधले सगळे कौतुकाने वाट बघत बसलेले. दिल्लीचे परीक्षक तेवढ्या आठवड्यापुरतेच येणार होते. ती संधी हुकली, तर तिच्या लेखी परीक्षांची मुदत संपून सगळं पहिल्यापासून सुरू. मी सरावाच्या वेळी घट पाहिली. पन्नास कुठली, वीससुद्धा नाही. मी विमान जागच्या जागी थांबवलं.

तिने इग्निशनची पुस्तिका आणून दाखवली. नव्या व्यवस्थेत घट कमीच असते, असं तीत छापलं होतं. मी म्हटलं, विकणारा आपला माल वाईट कशाला म्हणेल? मग ती म्हणाली, बटण काम करतंय का एवढंच बघायचं असेल, तर इंजिन मंद ठेवून दोन्ही व्यवस्था क्षणभर बंद करू. इंजिन विझू लागलं की झालं सिद्ध. कल्पना मी समितीपुढे ठेवली. जे इंजिन विझतं ते मंजूर आणि जे विझत नाही ते नामंजूर, असं लेखी कोण देणार, या मुद्द्यावर ती एकमताने फेटाळली गेली.

मार्ग काढला अनिरुद्धने. हा आमचा सर्वांत तरुण सभासद, हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एचआरमध्ये. तो म्हणाला, “आमच्याकडे अप्रेझलमध्ये शंभर टक्के परफेक्ट माणूस सापडला, की आम्ही आधी त्याच्यात एरिया ऑफ इम्प्रूव्हमेंट निर्माण करतो. नाहीतर सिस्टिमच घेत नाही.” मी ते इतिवृत्तात टिपून घेतलं. मग दोन्ही व्यवस्थांत एकेक काजळी धरलेला जुना स्पार्क प्लग बसवण्याचा ठराव संमत झाला.

काय सांगू तुम्हाला, इंजिन असं खोकलं की कान तृप्त झाले! घट नव्वद. अनिरुद्धने सगळ्यांना भेळ दिली. चैताली मात्र भेळेला हात लावेना.

“सर, धडधाकट इंजिन आजारी पाडलंत आणि आता मी त्यात बसू?”

“आजारी नाही हो,” मी समजावलं, “तपासण्याजोगं झालंय. आपल्याला चाचणी द्यायची आहे ना?”

द्यायची होती. बसली बिचारी, दात-ओठ खात.

परीक्षकांनी घट पाहिली, मान डोलावली आणि तिच्या शेजारी बसले. चैतालीने विमान असं चालवलं की बोट ठेवायला जागा नाही. खाली तर इतकं हळुवार उतरवलं, की चाकं टेकली कधी ते मला धावपट्टीशी उभं राहूनही कळलं नाही. परीक्षक उतरले ते चेहरा पाडून. शेऱ्याच्या रकान्यात एकही चूक नसेल तर दिल्लीला वाटणार, मी विमानात बसलोच नाही, असं त्यांचं गाऱ्हाणं. त्यांनी तिला आणखी एक फेरी मारायला सांगितली.

या वेळी विमान दणकन आपटलं. परीक्षकांचा टोप नाकावर आला, आणि त्याच नाकाखाली हसू फुटलं. त्यांनी जागेवरच पास लिहून दिलं.

चैताली माझ्याकडे आली. डोळे भरलेले. “पास झाले सर. पण घरी काय सांगू, आपटलं म्हणून पास केलं?”

मी म्हटलं, पेढे न्या आणि जास्त बोलू नका.

आता ती मोठ्या विमानावर कॅप्टन आहे. दिल्लीहून येताना दोनदा मी तिच्या विमानात होतो. पहिल्या वेळी तिने लोण्यासारखं उतरवलं. कुणी चकार शब्द काढला नाही. मग दारात ती नमस्कार करत उभी दिसली आणि बाहेर कुजबुज सुरू झाली, की बाई चालवत होती, तरीच एवढं बिचकत उतरवलं. तिने ते ऐकलं असावं. दुसऱ्या वेळी असं आदळलं की माझा चष्मा पुढच्या रांगेत गेला. विमानभर टाळ्या! “काय कंट्रोल आहे बुवा,” असं खिडकीशी बसलेलं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

मी टाळ्या वाजवत नाही, नारायण पेठेत तशी पद्धत नाही. खिडकीशी बसून ते म्हणणारे आपणच होता ना?