हवालदार तात्यांची हौदावरची हजेरी

आमचे शेजारी हवालदार तात्या रोज सकाळी खाकी हाफपँट घालून परसातल्या दगडी हौदापाशी ताठ उभे राहायचे आणि बेडूकमाशांची गिनती घ्यायचे. बेडूकमासे काही रांगेत उभे राहत नाहीत. गिनती रोज चुकायची आणि तात्या पुन्हा एकपासून सुरू करायचे. एकाहत्तरची लढाई करून पेन्शनीत आलेला माणूस, त्याला कोण बोलणार?

या सगळ्याला कारण एक बेडकी. पाटणच्या डोंगरातलं आमचं गाव, तिथं पावसाळ्यात झाडावरचे बेडूक निघतात. अंग केळीच्या कोवळ्या पानासारखं हिरवं, बोटांमधला पडदा शेंदरी. तात्या तिला 'मेमसाब' म्हणत. मेमसाबनं हौदावर वाकलेल्या पेरूच्या फांदीवर मागच्या पायांनी ताक घुसळल्यागत फेस काढला, त्यात अंडी घातली आणि खुशाल निघून गेली. आठवड्यानं फेस विरघळला, पिल्लं टपटप हौदात पडली. तेव्हापासून तात्या ड्यूटीवर.

नवरात्र जवळ आलं तशा तात्यांच्या बायकोनं, काकींनी, घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढल्या.

"हौद उपसा आता," काकी म्हणाल्या.

"पाय फुटल्यात, निस्ती शेपटी गळायची हाय. चार दिस थांब."

"घट थांबणार हायेत व्हय? आवं, मला कवा इतकं जपलं न्हाई तुमी."

तात्यांनी वाद घातला नाही. अकरा गोधड्या बैलगाडीत टाकल्या, नदीवर नेल्या आणि बायकांच्या ओळीत उभं राहून 'लेफ्ट-राइट' करत एकेक तुडवली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू!

चौथ्या दिवशी पिल्लं हौदाच्या काठावर चढू लागली. मी गेलो तर तात्यांच्या तळहातावर नखाएवढं पिल्लू, शेपटीचा ठिपका अजून शिल्लक. काकी मागं वाळलेल्या गोधड्यांच्या घड्या घालत होत्या.

"काय तात्या, आता तरी सुट्टी?"

तात्यांनी पिल्लावरची नजर काढली नाही.

"माझी दोन्ही पोरं झाली तवा मी सरहद्दीवर. रांगताना बघितली न्हाईत. रजेवर आलो, तर मला बघून आईच्या मागं लपली रं. आजबी मला काय सांगायचं तर आईला सांगत्यात."

काकींचा हात थांबला.

तळहात जराही न हलवता तात्या हळूच म्हणाले, "ह्ये बघ गड्या. ह्ये पळंना."