डॉ. वर्तक आणि अडकणारी रायफल

आमचा टोस्टर बिघडला तेव्हा डॉ. वर्तकांनी त्याला ओट्यावर आडवं केलं, कपाळाला आपला आरसा बांधला, हातात टॉर्च घेतला आणि म्हणाले, "हं, आ कर."

मी हसलो. ते हसले नाहीत. डॉ. वर्तक कान-नाक-घशाचे सर्जन. रिटायर झाल्यावर पेशंट मिळेनात, म्हणून त्यांनी यंत्रं धरली. नॉटिंगहॅमच्या आमच्या गल्लीतला एकही बॉयलर, एकही लॉनमूवर त्यांच्या तावडीतून सुटलेला नाही. "आधी बघायचं, मग बोलायचं," हे त्यांचं ब्रीद. बघायला त्यांना दोन मिनिटं लागतात आणि बोलायला पाऊण तास. वैताग याचा, की निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं.

नेमबाजीचा नादही असाच लागला. "जन्मभर लोकांच्या कानात सुया घातल्या, हात हलला नाही. तो हात आता काय रिमोट धरायला ठेवू?" असं म्हणून ते रायफल क्लबात गेले आणि जाताना मलाही ओढून नेलं. मी एक्सरे विभागातला माणूस. मला आरपार दिसतं, पण नेम काही लागत नाही.

क्लबची जुनी रायफल वापरून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःची घ्यायची ठरवली. नवीकोरी, पॉइंट टू-टू बोअरची, सेमी-ऑटोमॅटिक. म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये जाऊन बसते. परवान्यासाठी पोलीस घरी आला आणि बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट तपासू लागला. तो गेंगाण्या आवाजात बोलतोय म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी त्याचं नाक तपासलं. परवाना आला, आणि पोलिसाच्या नाकाचं ऑपरेशनही झालं.

खरा अडथळा पोलीस नव्हता, सुधावहिनी होत्या. "या घरात बंदूक येणार नाही," हे त्यांचं वर्षानुवर्षांचं म्हणणं. पण गेल्या वर्षीच्या मोठ्या आजारपणातून उठल्यावर का कोण जाणे, त्या म्हणाल्या, "आणा एकदाची. तुमचा जीव रमू दे."

दसरा झाला आणि त्यानंतरच्या शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. डॉक्टर ऐटीत पालथे पडले, गोळ्यांचं मॅगझिन बसवलं, गोळी आत ढकलणारा बोल्ट सोडला. गोळी अर्ध्या वाटेतच अडली. काढून पुन्हा घातली, पुन्हा तेच. बोल्ट काही पूर्ण मिटेना.

त्यांनी मॅगझिन काढलं, कपाळाला आरसा बांधला आणि चेंबरमध्ये टॉर्च मारला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हं."

बस, एवढंच. मी पाऊण तासाच्या तयारीने उभा होतो, तर हा मनुष्य गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "गोळ्या वाईट आहेत."

आम्ही गोळ्या बदलल्या. मग मॅगझिनची स्प्रिंग कडक निघाली. मग नवा धातू अजून सरावायचा होता. मग म्हणे थंडी. आमचा कॅप्टन कीथ साधा माणूस. तो म्हणाला, "डॉक, चेंबरमधून एक ब्रश फिरवा ना." डॉक्टर म्हणाले, "घाईने ऑपरेशन करायचं नसतं, कीथ." कीथने स्पष्टच सांगितलं, पुढच्या शनिवारी डर्बीच्या क्लबशी मॅच आहे, रायफल चालली नाही तर टीममध्ये दुसरा घेईन. टीममधल्या त्या जागेसाठी वर्तक किती वर्षं झुरले होते, ते मला ठाऊक. मला तर रात्री झोप लागेना. ते मात्र मस्त शीळ घालत गाडीत बसले.

मॅचच्या दिवशी सकाळी मी त्यांना घ्यायला गेलो. डायनिंग टेबलावर रायफल होती. डॉक्टरांचा शिरस्ता कडक: कपाटातून बाहेर काढली की मॅगझिन वेगळं आणि बोल्ट उघडा, म्हणजे आत काही नाही हे कुणालाही दिसावं. शेजारी सुधावहिनी ताम्हण घेऊन उभ्या.

"दसऱ्याला हिची पूजा केली होती, आज मॅच आहे, तर म्हटलं पुन्हा करावी," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि अगदी मायेने त्या उघड्या बोल्टलाच लावलं. त्यावर हळदकुंकवाच्या अक्षता वाहिल्या, चांगल्या मूठभर. निम्म्या सरळ चेंबरमध्ये. आणि डॉ. वर्तक, यंत्रांचे धन्वंतरी, बाजूला हात जोडून उभे.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्हाला हे माहीत होतं."

"पहिल्याच शनिवारी दिसलं. एक तांदूळ, हळदीने घट्ट चिकटलेला. मागे कुंकू. क्लासिक केस."

"अहो मग ब्रश मारायचात ना. एका मिनिटाचं काम. तुमची टीममधली जागा जातेय."

ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "गेल्या नवरात्रात ती वॉर्डात होती. सगळे म्हणायचे, होईल बरी. पण मला रिपोर्ट वाचता येतात रे. दसऱ्याला मी घरी देवापुढे दिवासुद्धा लावला नाही, इतका घाबरलो होतो. यंदा तिने आपल्या हाताने कुंकू लावलंय. ते मी पुसू?"

सिग्नलला थांबल्यावर म्हटलं, "मी पुसतो."

"तूही नाही. जाईल तेव्हा आपोआप जाईल."

व्हायचं तेच झालं. पहिलीच गोळी अडली. डॉक्टरांनी हात वर केला, मॅगझिन काढलं आणि कीथला ठणकावून सांगितलं, "गोळ्यांचा लॉट खराब आहे. तू दुसरा माणूस घे." कीथने घेतला. बाकीची मॅच वर्तकांनी डर्बीच्या कॅप्टनचा कान तपासण्यात घालवली. आम्ही हरलो.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. "कशी चालली?"

"पूजा केलेली रायफल ती," डॉक्टर म्हणाले, "न चालून जाते कुठे?"

वहिनींचा चेहरा असा खुलला, की मी बुटांच्या नाड्या सोडायला खाली वाकलो.

"मग दर शनिवारी करत जाईन," त्या म्हणाल्या.

"अवश्य कर," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "गोळ्या तेवढ्या बदलायला हव्यात."