भारताची मॅच वरकुट्यात

हरिबा कोळेकरांना कुठलीही मोकळी जागा दिसली की ते आधी तिच्या या टोकाला बघत, मग त्या टोकाला बघत आणि स्वतःशीच म्हणत, "हितं गोल, तितं गोल. मधी भारत."

जागा कशाची आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. लग्नाचा मांडव असो, कारखान्यापुढचं ऊसगाड्यांचं आवार असो, बाजार उठल्यावरचा इंदापूरचा बाजारतळ असो. एकदा आम्ही कुणाच्या तरी दहाव्याला नदीवर गेलो होतो. पिंडाला कावळा शिवेना म्हणून मंडळी चिंतेत बसलेली. हरिबा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "जागा ऐसपैस हाय, पर वाळू हाय डॉक्टर. पाय रुतत्याल पोरांचं."

मी डॉक्टर नव्हतो. वरकुट्याच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नव्वद सालानंतर माझी बदली झाली होती. गायी-म्हशींना सुई टोचणाऱ्या माणसाला डॉक्टर म्हणायची तिकडं रीत आहे. हरिबांना गाव मेजर म्हणायचं, आणि तेही मेजर नव्हते, हवालदार म्हणून रिटायर झाले होते. एक खोटा डॉक्टर आणि एक खोटा मेजर शेजारी राहायला आल्यावर मैत्री व्हायला वेळ लागला नाही.

मेजर पलटणीच्या फुटबॉल संघात लेफ्ट बॅक होते. म्हणजे डाव्या अंगानं कुणी चेंडू घेऊन आला तर त्याला आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. वरकुट्यात हे सांगून कुणाला पटत नसे. कबड्डी गावाला कळायची, क्रिकेट तर लहान पोरांनाही कळायचं. पण सरकार एका धडधाकट माणसाला चेंडू लाथाडायचा पगार देतं, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता.

भारताचा फुटबॉल संघ बाहेरदेशी हरला की पेपरात शेवटच्या पानावर खालच्या कोपऱ्यात चार ओळी येत. मेजर त्या चार ओळी दवाखान्याच्या पायरीवर बसून पुन्हा पुन्हा वाचत. संघ दुबळा आहे हे ते कधी नाकारत नसत. त्यांचं म्हणणं जागेबद्दल होतं. हा संघ खेळवायचा कुठं, हे दिल्लीच्या लोकांना कळत नाही.

"पोझिशन समजून घ्या डॉक्टर," ते सुरू करत. "मोठ्या शहरात मॅच ठिवत्यात. मोठं स्टेडियम, मऊ गवत. पाहुना येतो, त्याला वाटतं आपन आपल्याच घरी हाय. मंग हानतो की त्यो. आपला संघ गरिबाघरचा. गरिबानं पाहुन्याला सवताच्या घरी बोलवावं. आपल्याला ठावं असतंय कुठला पाट मोडका हाय, कुठला पत्रा गळतोय. पाहुना गळक्या पत्र्याखाली बसला की निम्मी मॅच झाली."

हा गळका पत्रा म्हणजे वरकुट्याच्या मावळतीचा मुरमाड माळ. तिथं दोन टोकांना बाभळीचे वासे पुरून त्यांनी गोल उभे केले होते. रोज सकाळी ते माळावर जाऊन धोंडे वेचत. त्यांच्या धाकट्या भावाची मेंढरं तिथं चरत, त्याचाही मेजरांना अभिमान होता. "मेंढरू म्होरनं गवत कातरतंय, मागनं खत टाकतंय. विलायतेत ह्या दोन कामांना दोन मशिनी लागत्यात."

गाव विचारायचं, "मेजर, भारत कवा येतोय?"

"बोलनी चालू हायती," मेजर गंभीरपणे सांगत. कुणाशी चालू आहेत, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

या न होणाऱ्या मॅचपायी त्यांचं जावयाशी फाटलं, त्याला मी साक्षीदार आहे. त्यांची मुलगी सुरेखा बारामतीजवळ पिंपळीला दिली होती. जावई दत्ताभाऊ, ऊसवाला, बोलायला मोकळा. आम्ही दोघं तिथं जेवायला बसलो होतो आणि मेजरांनी माळाचा विषय काढला. दत्ताभाऊ सहज बोलून गेले, "मामा, माळावर कोन खेळंल? ह्येची जागा बारामतीच. आमच्याकडं कॅनॉलचं पानी हाय, बारा महिनं हिरवळ ऱ्हाईल."

मेजरांनी हातातला घास ताटात ठेवला. "पावनं, समदं बारामतीलाच? कॅनॉल तुमचा, कॉलेजं तुमची, रस्तं तुमचं. इंदापुराला एक मॅच तर ऱ्हाऊ द्या."

"भारतानं जिंकायचं का इंदापुरात ऱ्हायाचं, ते एकदा ठरवा."

मेजर हात धुऊन उठले. पुढं कितीतरी महिने सासरा-जावई एकमेकांशी बोलले नाहीत. दिवाळीला सुरेखा एकटीच माहेरी आली आणि बापापुढं उभी राहून म्हणाली, "नाना, मॅच यायची तवा यील. तिच्या आधी माझं माहेर तुटायला लागलंय."

मेजर म्हणाले, "त्येंनी कॅनॉलचं बोलनं मागं घ्यावं."

मीही हे सगळं हसण्यावारी नेत होतो. मग एके दिवशी मेंढरांना लस टोचायला त्यांच्या मेंढवाड्यावर गेलो. मेजर धोंडे वेचायला गेले होते. त्यांची बायको, जिला सगळे मामी म्हणत, एकेक मेंढी धरून माझ्यापुढं आणत होती. मेजरांचे वडील, आबा, जाळीच्या कुंपणापाशी बाजल्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय. जन्मभर मेंढरांमागं कोकणापर्यंत चालून चालून पाय गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. बापलेकांत भांडण नव्हतं, पण बोलणंही जेवला का, पाणी पाजलं का, एवढंच.

मी मामींना म्हणालो, "मेजरांना ह्या माळाचं एवढं काय हो?"

मामींनी आबांकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

मामींचं लग्न होऊन वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. मेजरांच्या संघाची पुण्यात मॅच होती, समोर बाहेरदेशातून आलेला कुठलातरी संघ. मेजरांनी रजेवर येणाऱ्या एका जवानाकडं भावाला निरोप धाडला, आबांना घेऊन ये. भावाला मेंढरं सोडता येईनात, म्हणून आबा एकटेच निघाले. भिगवणापर्यंत चालत, तिथून रेल्वे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, लेकासाठी भाकरी आणि गाडग्यात तूप. विचारत विचारत मैदान गाठलं. दारावरच्या माणसानं सांगितलं, काठी आत न्यायची नाही, इथं ठेवा. आबांनी आयुष्यात परक्या माणसाच्या हाती काठी दिली नव्हती. ते बाहेर झाडाखाली बसले. आतून ओरडा येत होता तो ऐकत राहिले. मॅच सुटली, माणसांचा लोंढा बाहेर आला, त्यात लेक कुठं दिसणार? संघ मिलिटरीच्या गाडीतून मागच्या दारानं निघून गेला होता. आबा तुपाचं गाडगं तसंच घेऊन घरी आले. "लई मानूस हुतं," एवढंच घरात सांगितलं. काठीची गोष्ट पुढं कधीतरी मेंढरांमागं चालताना धाकट्या लेकापाशी बोलले, तिथून ती मामींना कळली.

"आन् मेजर?" मी विचारलं.

"त्ये आत सारखं मानसांत बघत हुतं, आबा कुठं बसल्यात म्हनून," मामी म्हणाल्या. "तेवढ्यात त्येंच्याच डाव्या अंगानं गोल बसला. मला एकदाच सांगितलं, परत कवा त्यो विषय न्हाय. आबास्नी तर कुनीच इचारलं न्हाय."

त्यांनी पुढची मेंढी माझ्यापुढं धरली. मी सुई भरली. त्या दिवसापासून माळाची चेष्टा मला करवेना.

पुढच्या थंडीत आमच्या वरच्या साहेबांचा निरोप आला. पुण्याकडच्या एका कॉलेजातले परदेशी विद्यार्थी शेती बघायला येणार आहेत. बारामतीच्या द्राक्षबागा बघून तुमच्याकडं येतील, त्यांना मेंढ्यांचा कळप दाखवा, मग ते सुप्याला हरणं बघायला जातील. मी मेजरांना म्हणालो, तुमचाच कळप दाखवू.

"कुठल्या देशाची हायती?" मेजरांनी विचारलं.

"सुदान, केनिया, टांझानिया. एक येमेनचा आहे म्हणे, एक मॉरिशसचा."

मेजरांनी वळून माळाकडं बघितलं. मग उठून सदरा झटकत म्हणाले, "डॉक्टर, फक्की लागंल."

माळावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. संघ गोळा झाला तो असा: दूध डेअरीचा मापाडी, दोन ट्रॅक्टर ड्रायव्हर, एक शिंपी आणि कबड्डीचा गडी बबन आणि त्याचे चार जोडीदार. गोल राखायला गोली मिळेना. ऐन दिवशी सकाळी पिंपळीहून मोटरसायकल आली. मागं सुरेखा, पुढं दत्ताभाऊ. मामींनी परस्पर निरोप धाडला होता.

दत्ताभाऊ खाली बघत म्हणाले, "गोलीला मी उभा ऱ्हातो."

"बारामतीच्या मानसाच्या हाती गोल द्यायचा?"

"भारताचाच हाय न्हवं, मामा?"

मेजरांनी विचार केला. "चपला काढून उभं ऱ्हावा," ते म्हणाले, आणि तो अबोला तिथंच मिटला.

दुपार कलता पाहुण्यांची बस आली. मी कळप दाखवला, जाती सांगितल्या. सुदानच्या एका उंच पोरानं पुढं होऊन एक मेंढी मागच्या पायाला अलगद धरली आणि तिचे दात बघितले. आबा बाजल्यावरून म्हणाले, "ह्येच्या घरी मेंढरं हायती." मी इंग्रजीत विचारलं. खरंच होती.

मग मेजरांनी पोरांपुढं चेंडू टाकला. पोरांचे चेहरे असे खुलले की त्यांच्याबरोबरचे प्राध्यापक घाबरले. "नाही नाही, आम्हाला दिवस बुडायच्या आत सुप्याला पोहोचायचंय."

"आमी कुठं आडवतोय?" मेजर नम्रपणे म्हणाले. "च्या ठिवलाय. च्या हुईस्तोर खेळत्याल पोरं."

प्राध्यापक चहाला नाही म्हणू शकले नाहीत. त्यांना काय माहीत, मामींनी चुलीत ओली लाकडं घातली होती.

मेजर आणि त्यांचा धाकटा भाऊ आबांचं बाजलं उचलून माळावर घेऊन आले. डाव्या रेघेला लागून ठेवलं. मी शेजारी बसलो. अर्धा गाव धोंड्यांवर, बांधावर, ट्रॉलीत चढून बसला होता. मेजरांनी खाकी हाफपँट चढवली होती आणि गुडघ्याला मामींच्या जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती.

त्या मॅचमध्ये परदेशानं भारताला किती गोल मारले हे मी मोजलं नाही, मोजण्यासारखं नव्हतंच. बबननं सवयीनं केनियाच्या पोराची तंगडी धरली आणि रेघेपलीकडं नेईपर्यंत सोडली नाही. शिंप्यानं चेंडू हातात घेऊन मेजरांना आणून दिला. दत्ताभाऊ उडी मारून मुरमावर पडले, दोन्ही कोपरं सोलून निघाली, तरी पुन्हा उभे. उजव्या अंगानं सगळी आफ्रिका आत येत होती.

डाव्या अंगानं मात्र कुणी येत नव्हतं. मेजर फार पळत नसत. पोरगं चेंडू घेऊन आलं की त्याच्या जरा पुढं, जरा बाजूला उभे राहत. पोरगं इकडं वळलं की ते तिकडं. शेवटी त्याला रेघेबाहेरच जावं लागे.

"त्यात आपला कोन्ता?" आबांनी विचारलं.

"हे काय समोर, पांढऱ्या केसांचे."

आबांनी चांगला डोळा बारीक केला. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आडवा जातोय. लांडग्याला आडवं जावं तसं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "घाई करत न्हाय."

ओल्या लाकडांनी मामींचं ऐकलं, पण किती ऐकणार? चहा झालाच. पोरांनी कपातून, पेल्यातून, वाट्यांतून चहा घेतला. सुदानच्या पोरानं मेजरांचे दोन्ही हात हातात घेतले. प्राध्यापकांनी घड्याळ बघत बघत दोन कप प्यायले. बस धुरळा उडवत सुप्याच्या वाटेला लागली. गाव हसत, बबनची टिंगल करत घरी गेलं. दत्ताभाऊंच्या कोपराला हळद लावायला सुरेखा त्यांना घेऊन गेली.

माळावर आम्ही तिघंच उरलो. मेजर लंगडत आले आणि बाजल्याला टेकून जमिनीवर बसले. दम लागला होता. मला वाटलं होतं, आता ते दिल्लीचा विषय काढतील, पोझिशन समजावतील. त्यांनी काढला नाही.

आबांनी वाकून हात खाली सोडला. चाचपडत तो मेजरांच्या गुडघ्यावर आला. पट्टी सोडली. लंगडणाऱ्या मेंढीचा सांधा ते बघत तसाच त्यांनी तो बघितला. आधी वर दाबून, मग खाली, मग वाटी दोन बोटांत धरून.

"हितं दुखतंय?"

"न्हाय."

"दुखतंय."

मेजरांनी पाय लांब केला. आबा अंगठ्यानं सांधा चोळू लागले. ऊन उतरत चाललं होतं. लांब कुठंतरी धाकटा भाऊ मेंढरं हाकत होता.

"पुन्यात बी असाच खेळत हुतास का रं?" आबांनी विचारलं.

मी दुसरीकडं बघितलं. मेजर सोडलेल्या पट्टीची घडी घालत म्हणाले,

"तवा जरा बरा खेळायचो, आबा."

"व्हय?" आबा म्हणाले, आणि गुडघा चोळत राहिले.