घड्याळजींची विंच आणि मास्तरांची बदकं

"या खेपेला कुणाच्या नखालाही धक्का लागणार नाही!" घड्याळजींनी जाहीर केलं आणि ठासून सांगायचं म्हणून चहाचा कप टेबलावर आपटला. कपातला चहा उडाला तो थेट जावयांच्या हातावर.

"भाजलं का हो?" काकूंनी घाबरून विचारलं.

"छे छे, गारच होता," हातावर फुंकर घालत जावई म्हणाले. जावयांचा स्वभावच तसा! सासऱ्यांच्या घराला आग लागली असती तरी ते "मामा, जरा उकडतंय का?" एवढंच म्हणाले असते.

घड्याळजींनी उभं आयुष्य डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करण्यात घालवलं होतं. म्हातारपणी दुकान पुतण्याच्या हवाली करून ते बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन वस्तीच्या कडेला, फळबागेतल्या घरात राहायला आले. सोबत एक जुना छोटा ट्रॅक्टरही आला. तिळाएवढे स्क्रू फिरवून कंटाळलेल्या माणसाला एकदम एवढं मोठं यंत्र मिळाल्यावर जे होतं तेच झालं. बागेतली प्रत्येक गोष्ट त्यांना आता ओढून बघावीशी वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी एक वाळकं झाड सुती दोर बांधून ट्रॅक्टरने ओढलं होतं. झाड पडलं ते न्हाणीघरावर. न्हाणीघरात काकूंची बहीण अंघोळ करत होती. ती अंगभर फेसानिशी, टॉवेल गुंडाळून जी बाहेर आली ती त्याच दिवशी आपल्या घरी निघून गेली. तेव्हापासून घड्याळजींनी "झाड" हा शब्द काढला की काकू नुसत्या बघायच्या. त्या बघण्यापेक्षा बोललेलं परवडलं असतं.

पण निलगिरीचं काहीतरी करायलाच हवं होतं. स्वयंपाकघराच्या मागचं हे उंच झाड आतून पोखरलं होतं, आणि कललं होतं ते नेमकं स्वयंपाकघराकडे. वारा सुटला की खोडातून कर्र कर्र आवाज यायचा. मग काकू हातातलं काम टाकून अंगणात येऊन उभ्या राहायच्या. त्या कुणाकडे कधी कुरकुरल्या नाहीत, पण हल्ली स्वयंपाक दार सताड उघडं ठेवून करायच्या. ते दार बघितलं की घड्याळजींना आतून कसंतरीच व्हायचं. म्हणूनच या वेळी त्यांनी सगळं शास्त्रशुद्ध करायचं ठरवलं.

"ही विजेवरची विंच!" ट्रॅक्टरच्या मागे बसवलेल्या यंत्रावर त्यांनी प्रेमाने हात ठेवला. "ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालते, तार गुंडाळत ओढते. झाडाला वरच्या अंगाला पट्टा बांधायचा, पट्ट्याला ही तार अडकवायची. तार त्या पलीकडच्या जाड झाडाला बांधलेल्या कप्पीवरून वळवून ट्रॅक्टरपर्यंत आणायची. म्हणजे झाड पडणार मोकळ्या गवतात आणि ट्रॅक्टर मात्र बाजूला, सुखरूप!"

"आणि तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"मी त्याहूनही लांब. हातात रिमोट!"

विंचेबरोबर वायरचं बटण आलं होतं, पण ती वायर होती हातभर. म्हणून त्यांनी वायरमनला बोलावून ती कापून टाकायला लावली आणि बिनवायरीचा रिमोट बसवून घेतला. वायरमन जवळच आलेला होता. शेजारच्या कवायत मास्तरांच्या अंगणाला त्याने नुकतंच विजेवर सरकणारं फाटक बसवलं होतं, आणि तसलाच एक रिमोट त्याच्या पिशवीत उरला होता.

मास्तरांशी घड्याळजींचं बोलणं नव्हतं. शाळेत जन्मभर कवायत घेतलेल्या मास्तरांनी निवृत्तीनंतर बदकं पाळली होती. निलगिरीचा पाला बदकांच्या हौदात पडतो आणि त्यामुळे बदकांना सर्दी होते, अशी त्यांची तक्रार होती. "निलगिरीच्या पाल्याने सर्दी होत नाही, जाते!" असं घड्याळजी कुंपणावरून म्हणाले. त्यावर मास्तर काहीतरी म्हणाले, त्यावर घड्याळजी काहीतरी म्हणाले, आणि त्यानंतर दोन घरांमध्ये फक्त बदकंच बोलत होती.

तर त्या दिवशी सगळी जय्यत तयारी झाली. जावयांनी शिडी लावून झाडाला पट्टा बांधला. ट्रॅक्टरला ब्रेक लावला, वर चाकांखाली दगड सारले. काकूंना पाऊलवाटेवर उभं केलं. कुणी आलं गेलं तर अडवायचं, आणि काही धोका दिसला तर पातेलं बडवायचं! पातेलं आणि डाव घेऊन काकू उभ्या राहिल्या.

"आधी चाचणी!" घड्याळजींनी रिमोटवरचं वरचं बटण दाबून धरलं.

घर्रर्र! तार ताठ झाली, निलगिरीचा शेंडा नव्या नवरीसारखा हळूच हलला. घड्याळजींची छाती फुगली. त्याच वेळी कुंपणापलीकडे मास्तरांचं फाटक सरसर उघडलं. घड्याळजींची पाठ तिकडे होती, पण जावयांचं तोंड तिकडेच होतं.

"मामा, ते फाटक..."

"फाटकाचं नंतर! आधी खाच घ्या."

जावयांनी यांत्रिक करवत सुरू केली आणि झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खाच घेतली. तेवढ्यात कुंपणापलीकडून मास्तरांचा आवाज आला, "अरे, कोण उघडतंय हे?" आणि इकडे विंच आपोआप घुरघुरली. ताठ झालेली तार वाळत घातलेल्या लुगड्यासारखी लोंबायला लागली.

"मामा, तार सोडलीत का?"

"मी कशाला सोडू? तुमचा काहीतरी धक्का लागला असेल."

"हो, माझाच लागला असेल," झाडापासून चार हात लांब उभे असलेले जावई म्हणाले.

घड्याळजींनी पुन्हा तार ताणली. जावयांनी आता पलीकडच्या बाजूने काप घ्यायला सुरुवात केली. मधे बिजागरीसारखी थोडी लाकडाची पट्टी राखायची, म्हणजे झाड त्या बिजागरीवर दारासारखं वळून पडतं. काम झकास चाललं होतं. करवत बरीच आत गेली, आणि तार पुन्हा सैल पडली! झाड स्वतःच्या वजनाने मागे बसलं आणि करवतीचं पातं त्या फटीत घट्ट चिमटलं गेलं.

"मामा, जरासं अडकल्यासारखं वाटतंय," दोन्ही पाय खोडाला लावून करवत ओढत जावई म्हणाले.

"थांबा, ओढतो!"

घड्याळजींनी ओढलं. पलीकडे फाटक सताड उघडलं, आणि या वेळी त्यातून मास्तरांची बदकं बाहेर पडली. काय ती शिस्त! एकामागून एक, माना ताठ, ध्वजवंदनाला निघाल्यासारखी. ती पाऊलवाटेवर आली तशी काकूंनी पातेलं बडवायला सुरुवात केली. ठण ठण ठण! बदकांची शिस्त पार बिघडली. ती फडफडत, क्वॅक क्वॅक करत जी पळाली ती थेट त्या मोकळ्या गवतात. निलगिरी जिथे पडणार होती, अगदी तिथे!

"माझी बदकं!" मास्तर फाटकातून धावत आले. अंगात बनियन, पायात पांढरे बूट आणि हातात रिमोट.

"बाहेर व्हा!" घड्याळजी ओरडले. "बाहेर व्हा तिथून!"

"आधी माझ्या फाटकाशी चाललेला चावटपणा बंद करा!"

"मी कशाला तुमच्या फाटकाकडे बघतोय! माझं झाड आहे इथं!"

उरलेली बदकं तरी आत राहावीत म्हणून मास्तरांनी गवतात उभ्या उभ्याच बटण दाबून धरलं. तार सुटली. निलगिरी कर्रर्र करत मागे कलली, स्वयंपाकघराकडे आणि जावयांकडे! जावई करवत सोडून मागे उडी मारायला गेले आणि फांद्यांच्या ढिगात पाठीवर आपटले.

घड्याळजींच्या डोळ्यांसमोर एकदम लेक उभी राहिली. शहरातल्या नोकरीतून सुटी मिळाली नाही म्हणून तिने नवऱ्याला एकट्याला पाठवलं होतं, आणि वर फोन करून बजावलं होतं, "बाबा, त्यांना सांभाळा हं, ते नाही म्हणत नाहीत कशाला."

त्यांनी अंगठा पांढरा पडेस्तोवर बटण दाबलं. झाड पुढे आलं, मास्तरांच्या दिशेने. आणि फाटक उघडलं! मास्तरांनी दाबलं, झाड मागे. घड्याळजींनी दाबलं, झाड पुढे. निलगिरी परीक्षेत उत्तर न आठवणाऱ्या पोरासारखी मागे-पुढे डुलायला लागली!

ठण्ण! काकूंनी पातेलं दगडावरच आपटलं.

"थांबा! दोघांनीही बोटं काढा बटणावरून! हात वर!"

दोन म्हाताऱ्यांचे हात वर गेले. बदकंसुद्धा थांबली.

"अहो, मी इथून दोन्हीकडचं बघतेय," काकूंना धाप लागली होती. "तुम्ही तार ओढता तेव्हा यांचं फाटक उघडतं. आणि मास्तर, तुम्ही फाटक लावता तेव्हा आमची तार सुटते. त्या वायरमनने दोघांच्या गळ्यात एकच रिमोट मारलाय!"

"म्हणजे मी इतका वेळ..." मास्तरांनी वर केलेल्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं.

"आमच्या जावयांच्या अंगावर झाड घालत होतात," काकू म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा उतरला. "लागलं का हो तुम्हाला?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"छे छे," फांद्यांतून उठत जावई म्हणाले. त्यांच्या कानामागे एक डहाळी अडकली होती. "मला सुरुवातीलाच दिसलं होतं फाटक. मी मामांना म्हणणार होतो, पण मामा घाईत होते."

घड्याळजींना एवढे लांब उभे असूनही जमिनीत शिरावंसं वाटलं.

झाड आता अर्धवट कापलेलं, एका बिजागरीवर आणि एका तारेवर तोललेलं होतं. वाराही वाढायला लागला होता. जावई लांब सरकले. मास्तरांनी टाचा जुळवून "चलो! एक-दो, एक-दो!" असा आवाज दिला आणि कुणी विश्वास ठेवो न ठेवो, बदकं ओळ धरून गवतातून बाहेर पडली. सगळी माणसं, सगळी बदकं कुंपणाशी जमली. मैदान मोकळं झालं.

"आता बघा," घड्याळजींनी घसा खाकरला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा दाबलं. रिमोट कानाशी धरून हलवला, मागचं झाकण काढून आत फुंकर मारली. सगळं समजलं. सेल संपला होता! वायरमनच्या पिशवीत पडून राहिलेला सेल, त्यात ही एवढी ओढाताण! त्या बिचाऱ्यात जीव राहिला नव्हता. ज्या माणसाने गावभरच्या घड्याळांचे सेल बदलले, त्याच्या स्वतःच्या घरात एक सुटा सेल निघेना. विंचेची मूळ वायर तर कापून फेकलेली!

झाडातून कर्र कर्र आवाज आला. काकूंनी स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं.

घड्याळजी वळले. मास्तरांच्या समोर जाऊन उभे राहिले. इतक्या दिवसांनी या माणसाला आधी काय म्हणायचं, ते त्यांना सुचेना. बदकांची सर्दी कशी आहे, असं विचारावं असंही क्षणभर मनात आलं.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "जरा तुमचं फाटक उघडता का?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. इतरांना वाटलं, आता हे काहीतरी लागेल असं बोलणार. पण मास्तर सावधान झाले. रिमोट छातीसमोर धरून त्यांनी विचारलं, "मोजून उघडू?"

"मोजून उघडा."

"एक... दोन... तीन!"

मास्तरांचं फाटक सरसर उघडलं. विंच घुरघुरली, तार ताठ झाली, बिजागरी चरचरली, आणि निलगिरी सावकाश, मोठ्या अदबीने वाकली. धाडकन आवाज झाला, धुरळा उडाला. धुरळा बसला तेव्हा झाड गवताच्या बरोब्बर मधोमध आडवं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीची काचसुद्धा हलली नव्हती. काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि "धूळ गेली" असं सगळ्यांना सांगितलं.

मग चहा झाला. मास्तर पायरीवर बसले, बदकं अंगणभर फिरली, आणि मास्तरांनी तीन वेळा, प्रत्येक वेळी थोडं वाढवून, झाड कसं पाडलं ते सांगितलं. तिसऱ्या खेपेला तर त्यांनी वाऱ्याचा अंदाजही घेतला होता! घड्याळजी "हो ना, हो ना" करत ऐकून घेत होते.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता.

"बाबा, सगळे ठीक आहात ना?"

"एकदम! कुणाच्या केसालाही धक्का नाही," घड्याळजी म्हणाले. जावयांनी कानामागची डहाळी हळूच काढून खिशात टाकली.

"आणि झाड? पाडलंत तुम्ही?"

घड्याळजींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपलं लक्ष नसल्यासारखं आभाळाकडे बघत होते, पण त्यांचा चहाचा कप ओठांशीच थांबला होता.

"मी नाही," घड्याळजी हळू आवाजात म्हणाले. "मास्तरांनी पाडलं."

"मास्तरांनी? शेजारच्या? कसं काय?"

"त्यांचं फाटक उघडून."

"बाबा," लेक म्हणाली, "आईला द्या बघू फोन."