रँडल कॉबच्या रॅम्पमधली कर्रर्र

"या किनाऱ्यावर दोनच गोष्टी सगळीकडे शिरतात," क्लाइड वॉटली म्हणाला. "एक समुद्राचं धुकं, आणि दुसरा मी."

धुकं शिरलं की कुणालाच काही दिसत नाही, हे त्याच्या मेहुणीने, इनेझने, मनातच ठेवलं. पार्किंगच्या दंडाच्या पावत्या फाडण्यात हयात घालवून क्लाइड निवृत्त झाला आणि दुसऱ्या दिवशी गुप्तहेर झाला. इनेझकडे गाडी होती, म्हणून ती सहायक झाली.

प्रकरण एन्सिनिटास गावातल्या रँडल कॉबचं होतं. रँडल साठीला टेकलेला. परसात अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाशेजारी त्याने स्वतः बांधलेला लाकडी हाफ-पाइप, म्हणजे स्केटबोर्डचा रॅम्प, होता. समोरासमोर दोन उंच, वळणदार भिंती आणि मधे सपाटी. एखादा राक्षसी नळ उभा चिरून आडवा ठेवावा तसा. रोज सकाळी स्केटबोर्डवर उभा राहून तो या भिंतीवरून त्या भिंतीवर झोके घ्यायचा. हल्ली मात्र झोका तळाशी आला की आवाज यायचा, कर्रर्र! त्याची बायको योलांडा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि तिचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी तिने बजावलं, "एक तर कुणाला तरी दाखव, नाहीतर शनिवारी माणसं बोलावून मी तो पाडून टाकते."

क्लाइडने प्लायवुडला कान लावला. "वाळवी," तो कुजबुजला. "पण साधी नव्हे. शिकलेली."

वाळवी निघाली नाही. मग संशयाची सुई शेजाऱ्याकडे वळली. त्यानेच स्क्रू ढिले केले असणार!

"तो दोन महिने ऑरेगनला लेकीकडे आहे," योलांडा म्हणाली.

"बघ इनेझ! तयारी किती आधीपासून!"

त्यानंतर प्रयोग झाले. इनेझ बसून घसरत खाली आली. आवाज नाही. क्लाइड स्वतः स्केटबोर्डवर चढला. आवाज झाला, पण तो क्लाइडचा होता. मग रँडल उतरला. कर्रर्र!

"उघड आहे," पाठ चोळत क्लाइड म्हणाला. "रॅम्पचा रँडलवर राग आहे."

"दाजी, लाकूड कसं रागावेल?"

"आधी झाड होतं ना ते? झाडं विसरत नाहीत."

झाडाचा राग कुठे साठलाय ते बघायला दुपारपर्यंत अर्धा रॅम्प खोलून झाला. प्लायवुडचे तक्ते गवतावर पसरले. स्वतःच्या हाताने बांधलेली वस्तू अशी उसवली जात असताना रँडल मात्र शीळ घालत एकेक स्क्रू काढून देत होता. इनेझला ते जरा खटकलं.

योलांडाने सगळ्यांना माशांचे टाको आणले. बसता बसता एक लिंबू घरंगळलं. रँडल ते उचलायला वाकला.

कर्रर्र!

"कुणी हलू नका!" क्लाइड ओरडला. "रॅम्प बोलला!"

रॅम्प गवतावर तुकड्यातुकड्यांनी पडला होता.

योलांडाने हातातली ताटली खाली ठेवली. "रँडल, परत वाक."

"लिंबू मिळालं मला."

"वाक म्हणते ना!"

तो वाकला. उजव्या गुडघ्याने भर सभेत साक्ष दिली.

"दाजी," इनेझ म्हणाली, "लोक म्हणतात तसा तुमचा मेंदू खरंच गुडघ्यात असता, तर हे प्रकरण सकाळीच सुटलं असतं."

रँडल खाली बघत होता. "मला माहीत होतं. पण गुडघा म्हटलं असतं तर तू माझं खेळणंच बंद केलं असतंस, योली. तूच म्हणालीस कुणाला तरी दाखव. गावात दोन सुतार आहेत, दोघंही हुशार. त्यांना लगेच कळलं असतं." तो क्षणभर अडखळला. "म्हणून मग क्लाइडला बोलावलं."



योलांडा त्याच्या शेजारी गवतावर बसली. "अरे येड्या, रॅम्प तुला घेऊन कोसळेल म्हणून घाबरत होते मी. रोज कांदा चिरताना अर्धं लक्ष खिडकीत. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"तो बंद कर म्हणेल."

"म्हणू दे. मग दुसऱ्या डॉक्टरला दाखवू." तिने त्याच्या गुडघ्यावर सरबतासाठी आणलेली बर्फाची पिशवी दाबली आणि क्लाइडकडे वळली. "आणि तुम्ही. हे सगळं होतं तसं जोडून मगच जायचं."

जोडलं. म्हणजे इनेझने जोडलं. क्लाइडने देखरेख केली. परतीच्या वाटेवर तो कधी नव्हे इतका गप्प होता. इनेझला मनापासून वाईट वाटलं. काहीतरी बरं बोलावं म्हणून ती शब्द शोधत होती, तेवढ्यात सिग्नलला गाडी थांबली आणि त्याने घसा खाकरला.

"दोन हुशार सुतार हाताशी असताना त्याने मला बोलावलं," क्लाइड म्हणाला. "केवढा हा विश्वास!"

इनेझने हिरव्या दिव्याची वाट न पाहता गाडी दामटली.